गुरुवारची पहिली पुडी

“हाडवैद्याच्या घरातली बाई, आणि हाड हे असं?”

डॉक्टर सरदेशमुखांनी आईचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता. मला त्यातलं काय कळणार? म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणा बाईचा एक्स-रे शेजारी धरला, आणि मग न सांगताच कळलं. त्या बाईची हाडं ठळक पांढरी होती. माझ्या आईची धुरकट, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखी. खुब्यापाशी तर सरळ दोन तुकडे.

“पडल्या कशा?”

“न्हाणीत पाय घसरला,” माझा धाकटा भाऊ जालिंदर चटकन म्हणाला.

“पाय घसरला नाही,” मी म्हणाले. “तुझ्याच बायकोनं सांगितलं मला फोनवर. कळशी उचलायला वाकली, कट्ट आवाज झाला, आणि मग खाली गेली. आधी मोडलं, मग पडली.”

जालिंदरनं माझ्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याच्या डोळ्यांना मी कधी भ्यायले नाही.

“बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. “हाड इतकं पोकळ झालं की पडायची वाट बघत नाही. आणि हे आजचं नव्हे. पाठीचे तीन मणके आधीच दबलेत. उंची कमी झालीय त्यांची. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“वय झालं, डॉक्टर. पासष्टी सरली तिची.”

“वयावर ढकललं की पुढं काही विचारायला नको, नाही का?” डॉक्टर माझ्याकडं वळले. “पाळी कधी गेली त्यांची?”

जालिंदर छताकडं बघायला लागला. “पन्नाशीला आली तेव्हा,” मी सांगितलं.

“दूध?”

“दूध डेअरीला जायचं. पण ताक रोज. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, तीळ, हुलगा. खायला कमी नव्हतं.”

“उन्हात जायच्या?”

“जन्म उन्हातच गेला. भांगलण काय, काढणी काय. बसून कधी राहिली नाही.”

“मिश्री?”

“ती मात्र लावते. सकाळ-संध्याकाळ.”

“ती बंद. तंबाखू हाडालाही सोडत नाही. पण नुसत्या मिश्रीनं एवढी नासाडी होत नाही.” त्यांनी आईचा हात उचलून मला दाखवला. कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ, आणि जागोजाग जांभळे डाग. “हातपाय वाळलेत आणि चेहरा बघा. गाल केव्हापासून असे भरलेत?”

मला आठवलं, मागच्या लग्नसराईत चार बायकांनी मला थांबवून सांगितलं होतं, शालन, तुझ्या आईच्या तोंडावर काय तेज आलंय गं! तब्येत सुधारली म्हणून आम्ही सगळे खूश होतो.

“कुठलं औषध घेतात?”

“घरचंच,” जालिंदर म्हणाला. “गुडघ्यासाठी. सगळी जडीबुटी.”

“नावं सांगा.”

“तसं सांगत न्हाईत, डॉक्टर. घराण्याची विद्या हाय.”

डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर इंजेक्शन लिहिलं आणि त्याला खाली औषधाच्या दुकानात पाठवलं. तो जिन्यावरून उतरल्याचा आवाज आला तशी त्यांनी एक्स-रे टेबलावर टाकला.

“हे हाड कुणीतरी आतून खाल्लंय, ताई. मला वाटतं, त्या पुडीत स्टिरॉइड आहे. औषध वाईट नाही. दम्यानं घुसमटणाऱ्याचा जीव वाचवतं. पण मोजून द्यायचं, माणसावर लक्ष ठेवून द्यायचं. वर्षानुवर्षं पुडीत घालून दिलं, की दुखणं पळतं, भूक लागते, गाल भरतात. लोक म्हणतात, काय गुण आला! आणि आत हाड झिजत जातं. वर शरीर स्वतःचं म्हणून जे बनवतं तेही बनवायचं थांबतं. एकदम बंद केलं की रक्तदाब कोसळतो. तुमच्या आईचा सकाळपासून कोसळतोय.”

“मग?”

“अंदाजानं इंजेक्शन सुरू केलंय. पण पुडीत किती आहे, आणखी काय काय आहे, ते कळल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. आणि ऑपरेशन झालं नाही तर या बाई अंथरुणातून उठणार नाहीत. अंथरुणाला खिळलेली म्हातारी फार दिवस काढत नाही. मला ती पुडी आणा, नाहीतर नाव आणा. लवकर.”

मी जिन्याशी येऊन जालिंदरला हाक मारली. इंजेक्शन वॉर्डबॉयच्या हाती वर आलं. भाऊ गावाला निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. सांगताना माझा आवाज अजून चढतो. चढू दे.

आमचे वडील, गणपत मुळीक, पंचक्रोशीत हाडवैद्य म्हणून माहीत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. सुजलेल्या मनगटावरून बोटं फिरवायचे आणि कुठं निखळलंय ते सांगायचे. मग अंड्याचा बलक, उडदाचं पीठ, बांबूच्या कामट्या आणि पट्टी. कामट्या तासायचं काम माझं. एकदा शेजारच्या पोराचा निखळलेला अंगठा मी खेळता खेळता बसवला. तात्या त्या दिवशी खूश झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला जवळ बसू देईनात. मुलीला विद्या दिली की ती सासरी जाते म्हणे! मग दिली कुणाला? जालिंदरला. त्याच्या बोटांना ना जोर ना नजर. तात्या गेल्यावर त्यानं एका पोराचा कोपर असा बसवला, की ते पोर आज बाप्या झालंय तरी कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा हात वर धरून चालतं. तेव्हापासून त्यानं हाडं बसवणं सोडलं आणि सांधेदुखीची पुडी काढली. दर गुरुवारी. हाताला कष्ट नाहीत, डोक्याला ताप नाही. बघता बघता दारात जीपगाड्या लागायला लागल्या आणि घरावर दुसरा मजला चढला.

मी हे सगळं लांबून ऐकायची. इचलकरंजीत माझी यंत्रमागाच्या कामगारांची खानावळ. सुटी मिळायची ती दिवाळीला नाहीतर कुणाच्या लग्नाला. गुरुवारी माहेरी असण्याचा प्रसंग कधी आला नाही.

संध्याकाळी मी आईच्या कॉटशी बसले. पायाला वजन बांधलेलं, तोंड पांढरं फटक.

“आये, तुझा गुडघा कवापासनं दुखाय लागला?”

“कुठला?”

“कुठला म्हंजी? ज्याच्यासाठी पुडी खातीस त्यो.”

“दोन्ही,” ती म्हणाली. “जरा जरा.”

“मला कधी बोलली न्हाईस.”

“तुला काय काय सांगायचं? तुझी खानावळ, तुझा संसार.”

“पुडीत काय असतंय?”

“औषाद.”

“कसलं?”

“जालूला काय बोलू नगंस, शाले. त्यो हाय म्हणून घर हाय.”

“घर ऱ्हाईल, आये. तू ऱ्हात न्हाईस.”

तिनं भिंतीकडं तोंड केलं. एकदा तिनं तोंड मिटलं की तात्यांनाही ते उघडता येत नसे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मरायला टेकली तरी हिला पोराचीच काळजी. तिच्याजवळ माझ्या नणंदेला बसवलं आणि उजाडल्यावर पहिल्या एसटीनं मी गावाला गेले.

दारात पाय ठेवायला जागा नव्हती. जीपा, रिक्षा, एक टेम्पो. अंगणात बायका-पुरुष ओळीनं बसलेले, कुणी पार कर्नाटकातून आलेले. एरवी मी नुसतं म्हटलं असतं, काय गर्दी ही! पण आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बघायला शिकवलं होतं. जुन्या गिऱ्हाइकांचे चेहरे बघा. गोल, लालसर, तकतकीत. आणि पदराखालून दिसणारे हात काटक्यांसारखे. एकीच्या नाही, दोघींच्या नाही, सगळ्या अंगणभर माझ्या आईचं तोंड बसलं होतं.

ओसरीवर रांगोळी घातली होती. मध्ये पाट. पाटावर माझी भावजय रंजना डोक्यावरून पदर घेऊन बसलेली, एका हातात पुडी, दुसऱ्या हातात पाण्याचं तांब्याचं भांडं. शेजारी जालिंदर, पांढरे कपडे, कपाळाला बुक्का.

“आमच्या घराण्याची रीत तुमाला ठावं हाय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. “दुसऱ्याच्या तोंडात घालायच्या आदी पहिली पुडी आमच्या घरातलं माणूस खातंय. मगच वाटप. म्हातारीला दवाखान्यात ठेवलीया. नजर लागली, दुसरं काय? म्हणून आज सूनबाई बसल्यात.”

मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या शेजारी एक बाई पाय पसरून बसली होती. तिला विचारलं, “हे दर गुरुवारी असतंय?”

“दर गुरुवारी. म्हातारीच असती पाटावर, आन् पुढं आठवडाभर आमच्यावानी रोज एक पुडी खाती. आठ-नऊ वर्सं झाली की. आमी तर तिच्याकडं बगूनच घ्यायला लागलो. आदी म्हनं काटकुळी हुती, आता बगा कशी गुटगुटीत झालीया.”

“तिचे गुडघे बरे झाले व्हय?”

“तिला कुटलं आलंय दुखनं?” बाई हसली. “निरोगी बाई. कसलं दुखनं न्हाई, खुपनं न्हाई. म्हणून तर तिला बसवत्यात न्हवं.”

माझ्या आईला काही झालेलं नव्हतं. गुडघा नाही, कंबर नाही, काहीच नाही. धडधाकट बाईला दर गुरुवारी पाटावर बसवून, शंभर माणसांदेखत ते विष गिळायला लावलं होतं, गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून. आणि मला सांगितलं होतं, गुडघ्यासाठी. मी आयुष्यात पुष्कळ चिडले आहे. खानावळ चालवणाऱ्या बाईला चिडावंच लागतं. पण त्या दिवशी जे आलं त्याला चिडणं म्हणत नाहीत. मला समोरचं दिसेनासं झालं.

माणसं तुडवत मी ओसरी चढले. रंजनानं पुडी उलगडली होती. मी तिच्या हातातून ती ओढून घेतली. थोडी भुकटी रांगोळीवर सांडली.

“आक्का!” जालिंदर गडबडला, पण लगेच सावरला. गर्दी बघत होती ना. “आये बरी हाय न्हवं? आत चल, च्या घे.”

“पुडीत काय हाय?”

“आत बोलू.”

“हितंच बोल. डॉक्टर इचारतोय. त्या पुडीत काय हाय ते कळल्याबिगर आयेचं आपरेशन व्हत न्हाई. ती तिकडं मराय लागलीया आन् तू हितं रांगोळी घालून बसलायस!”

“घराण्याची विद्या अशी चारचौघांत—”

“घराण्याचं तू मला सांगू नगंस. तात्या सुजंवर काढा द्यायचे, तवा पहिला घोट कोण घ्यायचं? तात्या. सवता. मला पाजला त्यांनी? तुला पाजला? आयेला पाजला? जो देतोय त्यानं खायाचं, ही आपल्या घराची रीत. तू कवा खाल्लीस? सांग की ह्या लोकांस्नी. नऊ वर्सांत एकदा तरी?”

सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. जालिंदर गोड हसला. गोड हसणं ही एक विद्या त्याला चांगली जमली होती.

“माझा गुरुवार असतोय, आक्का. कडक. पाणीसुदिक घेत न्हाई मी.”

म्हणजे नऊ वर्षं ह्याचा उपवास, आणि नऊ वर्षं आईचं पोट!

“बरं,” मी म्हणाले. “आज तुझा गुरुवार. उद्या शुक्रवार. मी हितं ऱ्हाते उद्यापतोर. उद्या खा.”

तो पुढच्या पुड्या मोजायला लागला.

“उद्या नगं तर परवा खा. तुला सोयीचा वार तूच सांग.”

पटक्यातला एक म्हातारा पुढंच बसला होता. तो भोळेपणानं म्हणाला, “घ्या की, वैद्य. बहीण म्हणतीया तर घ्या. एक पुडी तर हाय. देव काय रागवत न्हाई औषदाला.”

“घ्या, घ्या,” आणखी दोघं-तिघं म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की तो घेईल आणि तंटा मिटेल.

जालिंदरनं माझ्या हातातून पुडी घेतली. तळहातावर धरली. त्याच्या कपाळाचा बुक्का घामानं ओघळायला लागला होता. एवढ्या माणसांपुढं त्यानं ती खाल्ली असती तर मी काय करणार होते, देव जाणे. हात जोडून गप्प बसावं लागलं असतं. पण त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि पुडी खिशात टाकली.

“दवाखान्यात जागून हिचं डोकं ठिकाणावर न्हाई,” तो म्हणाला. “चला, वाटप सुरू करू.”

त्याला माहीत होतं. नऊ वर्षं चांगलं माहीत होतं, म्हणून तर त्याच्या जिभेला एक कण लागला नव्हता. तोवर माझ्या मनात कुठंतरी होतं, की अडाणी आहे, कुणीतरी फसवलं असेल याला. ते त्या खिशात गेलं.

पटक्यातला म्हातारा काठी टेकत उठला आणि फाटकाकडं चालायला लागला. त्याच्यामागं आणखी काही उठले. पण सगळे उठले असतील असं समजू नका. एका बाईनं माझा पदर धरला, “बाई, आमचं औषद बंद पाडू नगा. त्याच्याबिगर मला उठाय येत न्हाई ओ.” तिच्या मनगटावर तसेच जांभळे डाग होते. मला तिचाही राग आला, तिची कीवही आली.

“एकदम बंदबी करू नगा!” मी ओरडले. “जीवावर बेतंल. डॉक्टरकडं जावा, ही पुडी दाखवा, किती वर्सं खाल्ली ते सांगा. त्यो हळूहळू बंद करंल. ऐकताय का कुणी?”

ऐकलं किती जणांनी, कोण जाणे.

या गडबडीत रंजना पाटावरून कधी उठली ते मला दिसलं नव्हतं. ती आतून आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकचे दोन डबे होते.

“वन्सं, ह्या पांढऱ्या आन् ह्या पिवळ्या. कुटून सुंठीत आन् ओव्यात मिसळत्यात. डब्यांवर नावं हायती. एका पुडीला पांढऱ्या दोन, पिवळी एक.”

“रंजे!” जालिंदरनं हात उगारला. मी मध्ये झाले.

“मारा,” रंजना माझ्या खांद्याआडून म्हणाली. तिचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. “मारा. मी सांगितलंय आता.”

डबे पिशवीत घालून मी एका परतणाऱ्या जीपमध्ये बसले. डॉक्टरांनी लेबलं वाचली आणि एक शिवी हासडली, मग माझी माफी मागितली. मी म्हटलं, माफी कशाला, आणखी एक द्या. पांढरी ते म्हणाले तेच होती. पिवळी वेदनाशामक, रोज खाल्ली तर मूत्रपिंड खाणारी. शनिवारी ऑपरेशन झालं, खुब्यात नवा गोळा बसवला. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वॉकर धरून उभं केलं. ती कळवळली. “झोपून राहिलात तर उरलेलं हाडही जाईल, आजी,” डॉक्टर म्हणाले. “हाडाला वाटलं पाहिजे की त्याची गरज आहे.” मग मला शिकवणी. कोवळ्या उन्हात हातपाय उघडे ठेवून बसवायचं. दूध, दही, अंडं, नाचणी, डाळी. कॅल्शियमची गोळी रोजची, हाडाची आठवड्याची, ती भांडंभर पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कळशी उचलायची नाही, वाकायचं नाही, न्हाणीघर कोरडं ठेवायचं. स्टिरॉइड थोडं थोडं करत महिन्यांनी उतरवायचं. एका माणसाच्या लबाडीची भरपाई करायला केवढा हा पसारा!

चार दिवसांनी तिला जरा हुशारी आली. मी तिला सगळं सांगितलं. पुडी, डबे, खिसा.

“गोळ्या असत्यात ते ठावं हुतं मला,” ती म्हणाली. “कुटताना वास येतोय की.”

“मग खाल्लीस कशापायी?”

ती बोटानं चादरीची घडी मोडायला लागली.

“पयल्या गुरुवारी त्यानं रंजीला बसवली हुती. तिला तिसरा म्हैना. माझ्या मनात पाल चुकचुकली. पोटातल्याला काय झालं तर? म्हनलं, ऊठ तू. मी बसती. माझं काय, वाळल्यालं लाकूड. मग बसतच ग्येली.”

“आन् जालूनं खावी, असं तुला वाटलं न्हाई?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. खोटं नव्हे, तिला खरोखर नवल वाटलं होतं. “त्यानं कशी खायाची? त्याला द्यायाची असती न्हवं.”

सून की सासू, एवढाच विचार त्या घरात झाला होता. दोघींपैकी एकीनं मरायचं, हे आधीच ठरलेलं. ते कुणी ठरवलं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला आईच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटल्या आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. तिची उशी सारखी केली.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट दुसऱ्यावर करायचाय. डॉक्टरांनी तक्रार केली. अधिकारी आले, पंचनामा झाला, पाट हलला. काही महिन्यांनी जालिंदरनं दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या नावाची पाटी लावली, आणि तिथंही माणसं रांगेत बसली. त्याचं मी काही वाकडं करू शकले नाही, ही आग माझ्याबरोबर जळणार. रंजना महिन्याभरात पोरं घेऊन माझ्याकडं आली. आज खानावळ तीच चालवते, मी नुसती ओरडते.

आता त्या दिवसाचं. आईला घरी सोडायचं होतं. मी तिच्यासाठी खालची खोली रिकामी केली होती, पण ती रोज एकच विचारायची, माझ्या घरी कवा न्हेणार? माझ्या घरी म्हणजे जालिंदरच्या. मी विषय टाळायची. आणि नेमका तो आला. सफरचंदं, नवं लुगडं, खाली गाडी. आईच्या पायाशी बसला, पाय चेपायला लागला. आईचा चेहरा फुलला. तिला एवढंच पुरलं!

“आये, चल घरी. तुझ्याबिगर घर खायाला उठतंय.”

“शाले, माझी पिशवी भर,” आई म्हणाली. “त्ये नवं लुगडं हिकडं दे.”

ती तिथं गेली की संपली, हे मला दिसत होतं, पण ती शुद्धीवर होती, तिचं मन तिचं होतं. मी दातओठ खात पिशवी भरायला लागले.

“गुरुवारी तू फकस्त वसरीवर बस,” जालिंदर पाय चेपता चेपता म्हणाला. “खाऊ नगं, काय नगं. नुसती बस. लोकं इचारत्यात, म्हातारी कुटं हाय? निम्मी माणसं माघारी जायाला लागली.”

माझे हात थांबले.

“आन् पुडी?” आईनं विचारलं.

“ती रंजी खाईल की.”

“ती खाती म्हनली?”

“समजावलंय मी तिला. चांगलं समजावलंय. आता हूं का चूं करत न्हाई.”

आईनं पाय ओढून घेतला. ऑपरेशनचा पाय. तिच्या तोंडातून कळ निघाली तरी तिनं तो ओढून घेतलाच. मग कॉटची दांडी धरून ती उठून बसली, कुणाचा हात न घेता. तिला तसं बसलेलं त्या दिवसापर्यंत मी पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधीही नाही.

“शाले.”

“काय, आये?”

“ह्याला भाईर घालव.”

जालिंदर हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. “आये, आगं—”

“आदी ह्याला भाईर घालव. मग मला तुझ्या घरी न्हे.”

जन्मभर आईनं मला कामं सांगितली आणि मी ती कुरकुरत केली. हे काम ऐकल्याबरोबर मी पिशवी खाली ठेवली आणि उठले.